संगणक, सुट्या भागांपासून जुळविलेला

संगणक, सुट्या भागांपासून जुळविलेला : निरनिराळ्या उत्पादकांनी स्वतंत्रपणे तयार केलेले प्रोसेसर, मदरबोर्ड, स्मृती, साठवण साधने, शक्तिपुरवठा एकक इ. भाग निवडून व परस्परांस जोडून, उपयोगकर्त्याच्या विशिष्ट गरजेनुसार उभारलेला मेजावरील संगणक. भारतीय बाजारपेठेत तो ‘असेंबल्ड’ संगणक या नावाने परिचित आहे. असा संगणक उभारताना दोन प्रश्न सोडवावे लागतात. निवडलेले भाग एकमेकांबरोबर काम करू शकतात की नाही, हा पहिला प्रश्न सुसंगतीचा होय. जोडलेल्या भागांकडून अचूकपणा न गमावता किती काम करून घेता येईल, हा दुसरा प्रश्न समायोजनाचा होय. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सर्वांत वेगवान वा सर्वांत महाग भाग निवडून मिळत नाहीत. भागांचा परस्परांशी असलेला मेळ आणि प्रत्येक भागाच्या मर्यादेपासून राखलेले सुरक्षित अंतर यांवर संगणकाची गुणवत्ता अवलंबून असते.

इतिहास : जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाने अल्टेअर ८८०० या संगणकाची माहिती प्रसिद्ध केली. तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळत असे व हौशी तंत्रज्ञ डाखकाम करून तो उभारीत. त्याची विस्तार-बस पुढे एस-१०० या नावाने प्रसिद्ध झाली आणि इतर उत्पादक तीत बसणारी कार्डे तयार करू लागले. एका उत्पादकाच्या यंत्रात दुसऱ्याचा भाग बसविण्याच्या प्रथेचा हा आरंभ होता.

तथापि आजच्या जुळणीचा पाया आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेल्या वैयक्तिक संगणकाने घातला. त्यात इंटेल ८०८८ हा ४·७७ मेगाहर्ट्झ वारंवारतेचा प्रोसेसर, विस्तारासाठी पाच खाचा आणि अवघा ६३·५ वॉट शक्तीचा पुरवठा होता. बहुतेक भाग बाजारात मिळणारेच होते. शिवाय कंपनीने तांत्रिक पुस्तिकेत विद्युत् मंडलांचे संपूर्ण आराखडे आणि बायॉस या मूळ आज्ञावलीची यादी छापली. बायॉसवर स्वामित्वहक्क असल्याने तिची नक्कल करता येत नव्हती. परंतु मूळ मजकूर न पाहता, केवळ तिच्या कार्याच्या वर्णनावरून नवी आज्ञावली लिहिणे कायदेशीर होते. कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्स या कंपनीने १९८२ मध्ये व पाठोपाठ कॉम्पॅकने या मार्गाने सुसंगत यंत्रे काढली. १९८४ पासून फीनिक्स ही कंपनी अशी बायॉस इतर उत्पादकांना विकू लागली आणि कोणत्याही कारखान्याला सुसंगत मदरबोर्ड तयार करणे शक्य झाले.

आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ मालिकेत मायक्रो चॅनेल ही नवी बस आणली व तिच्या वापरासाठी इतरांकडून परवानाशुल्क मागितले. त्यास उत्तर म्हणून १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी जुन्या कार्डांशी सुसंगत अशी ईआयएसए ही बस पुढे आणली. या दोन्ही बस फारशा टिकल्या नाहीत. परंतु प्रमाणे ठरविण्याचा अधिकार एका कंपनीच्या हातून निसटला तो कायमचा. त्यानंतर पीसीआय (१९९२) व तिची उत्तराधिकारी पीसीआय एक्स्प्रेस (२००३) या बस, मदरबोर्ड व शक्तिपुरवठा यांचे आकारमान ठरविणारे एटीएक्स (१९९५), साठवण साधनांसाठी सॅटा (२००३) व एनव्हीएमई (२०११) ही प्रमाणे रूढ झाली. स्मृतीची प्रमाणे जेडेक ही उत्पादकांची संस्था ठरविते.

भारतात १९९० नंतर सुट्या भागांपासून जुळविलेले संगणक मोठ्या प्रमाणावर प्रचारात आले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), पुण्यातील तपकीर गल्ली, दिल्लीतील नेहरू प्लेस, चेन्नईतील रिची स्ट्रीट इ. बाजारपेठा या व्यवसायाची केंद्रे बनल्या. नामांकित कंपनीचा तयार संगणक न परवडणाऱ्या अनेक कुटुंबांत, छोट्या कार्यालयांत व प्रशिक्षण वर्गांत पहिला संगणक अशा जुळणीतूनच पोहोचला.

सुसंगतीचे प्रकार : दोन भाग एकमेकांत बसले म्हणजे ते सुसंगत झाले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात सुसंगती तीन पातळ्यांवर तपासावी लागते : (१) आकारमानाची, (२) विद्युतीय व (३) आज्ञावलीची.

आकारमानाची सुसंगती सर्वांत सोपी होय. एटीएक्स मदरबोर्डचे आकारमान ३०५ × २४४ मिमी., मायक्रो एटीएक्सचे २४४ × २४४ मिमी. व मिनी आयटीएक्सचे १७० × १७० मिमी. असते. मोठ्या कॅबिनेटमध्ये सामान्यतः लहान मदरबोर्ड बसतो. याउलट बसत नाही. अलीकडील मोठ्या ग्राफिक्स कार्डांची लांबी ३०० मिमी.पेक्षा अधिक असू शकते, म्हणून कार्डाची लांबी, शीतकाची उंची व कॅबिनेटमधील मोकळी जागा यांचे आकडे खरेदीपूर्वी ताडून पाहावे लागतात.

विद्युतीय सुसंगतीत फसगत होण्याचा संभव अधिक असतो. इंटेलचे एलजीए ११५१ हे सॉकेट याचे उत्तम उदाहरण होय. २०१५ मध्ये आलेल्या या सॉकेटमध्येच २०१७ मधील प्रोसेसरही बसत. परंतु काही संपर्कबिंदूंची योजना बदललेली असल्याने नवे प्रोसेसर जुन्या चिपसेटच्या मदरबोर्डवर अधिकृतपणे चालत नसत. एम·२ प्रकारच्या अरुंद साठवण पट्ट्यांबाबतही असेच घडते. सॅटा पद्धतीची व एनव्हीएमई पद्धतीची पट्टी यांची रुंदी २२ मिमी. एवढीच असते, मात्र मदरबोर्डवरील खाचेत त्या पद्धतीची विद्युत् जोडणी नसेल, तर पट्टी नीट बसूनही संगणकास ती दिसत नाही. स्मृतीच्या बाबतीत ही फसगत टाळण्याची युक्ती रचनेतच आहे. डीडीआर ४ व डीडीआर ५ या दोन्ही प्रकारच्या रॅमच्या पट्ट्यांना २८८ संपर्क असले, तरी त्यांची मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही.

आज्ञावलीची सुसंगती डोळ्यांना दिसत नाही. मदरबोर्डवरील मूळ आज्ञावलीला नव्या प्रोसेसरची ओळख नसेल, तर सर्व जोडण्या अचूक असूनही पडदा कोरा राहतो. एएमडीच्या एएम ४ या सॉकेटवर २०१७ नंतर रायझन प्रोसेसरांच्या अनेक पिढ्या चालल्या. परंतु त्यासाठी मूळ आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी लागली. काही मदरबोर्डांवरील साठवण चिपेची क्षमता १६ मेगाबाइटच असल्याने नव्या प्रोसेसरांना जागा देण्यासाठी जुन्यांचा आधार वगळावा लागला. प्रोसेसर न बसविताही ही आज्ञावली बदलण्याची सोय काही मदरबोर्डांवर असते. जुन्या साठ्यातील मदरबोर्ड घेताना ती उपयोगी पडते. म्हणून मदरबोर्डच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेली प्रोसेसरांची व स्मृतीची यादी, तसेच आज्ञावलीची आवृत्ती पाहणे हा जुळणीतील पहिला टप्पा मानला जातो.

भागांची निवड व समतोल : संगणकाचे काम अनेक भागांत वाटलेले असते व त्यांपैकी सर्वांत संथ भाग एकूण वेग ठरवितो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादावरून याचे गणित करता येते. एखाद्या कामाचा ६०% वेळ प्रोसेसरमध्ये व ४०% वेळ साठवण साधनाची वाट पाहण्यात जात असेल, तर प्रोसेसरचा वेग दुप्पट केल्याने ६०% चे ३०% होतात. ४०% तसेच राहतात. एकूण काम दुपटीने नव्हे, तर सुमारे १·४३ पटीनेच जलद होते. प्रोसेसर कितीही वेगवान घेतला, तरी हा लाभ अडीच पटींपलीकडे जाऊ शकत नाही.

यावरून निवडीचे सूत्र मिळते. लेखन, हिशेब व पत्रव्यवहार यांसाठी मध्यम प्रोसेसर, पुरेशी स्मृती व घनावस्था साठवण पट्टी यांचा संगणक हा महाग प्रोसेसर व फिरती तबकडी असलेल्या संगणकापेक्षा अधिक चपळ वाटतो. फिरत्या तबकडीला विखुरलेल्या माहितीपर्यंत पोहोचण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. घनावस्था पट्टीला त्याच्या शतांशाहूनही कमी वेळ पुरतो. चलच्चित्रांचे संपादन वा अभियांत्रिकी गणिते यांसाठी अधिक गाभ्यांचा प्रोसेसर व अधिक स्मृती लागते. खेळ, त्रिमिती चित्रण व कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रतिमाने यांत ग्राफिक्स कार्ड व त्यावरील स्मृती निर्णायक ठरतात.

स्मृतीची पट्टी एकच न घेता जोडीने घेणे हितावह असते. सर्वसामान्य मेजावरील प्रोसेसरला स्मृतीकडे जाणारे ६४ बिट रुंदीचे दोन मार्ग असतात. सेकंदाला ३,२०० दशलक्ष स्थानांतरणे करणाऱ्या डीडीआर ४ स्मृतीच्या एका मार्गावरून सेकंदाला कमाल २५·६ गिगाबाइट, तर दोन मार्गांवरून ५१·२ गिगाबाइट माहिती वाहते. मात्र अधिक पट्ट्या म्हणजे अधिक वेग असे नाही. एएमडीने २०२२ मधील रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्या असता सेकंदाला ५,२०० दशलक्ष, तर चार पट्ट्या असता केवळ ३,६०० दशलक्ष स्थानांतरणांची हमी दिली होती. एकाच मार्गावर दोन पट्ट्यांचा भार पडल्याने संदेशांची सुस्पष्टता घटते, हे त्याचे कारण होय.

शक्तिपुरवठा व अर्थिंग : घरगुती २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विद्युत् दाबाचे १२, ५ व ३·३ व्होल्ट एकदिश दाबांत रूपांतर करणारे एकक बाजारात एसएमपीएस म्हणून ओळखले जाते. खर्चात काटछाट करताना बहुधा याच भागावर कात्री चालते आणि बिघाड झाल्यास इतर सर्व भागांना धोका याच भागापासून संभवतो. एटीएक्स प्रमाणानुसार या दाबांत सामान्यतः ±५% फरक चालतो. म्हणजे १२ व्होल्टची वाहिनी ११·४ ते १२·६ व्होल्टच्या दरम्यान राहिली पाहिजे. एककाची क्षमता ठरविताना प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्या कमाल गरजेची बेरीज करून तीवर पुरेशी राखीव क्षमता धरतात, कारण ग्राफिक्स कार्डाची क्षणिक मागणी सरासरीपेक्षा पुष्कळच अधिक असते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘८० प्लस’ या योजनेत २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८०% कार्यक्षमता ही प्राथमिक अट आहे. हे मानचिन्ह कार्यक्षमतेचे आहे, टिकाऊपणाचे नव्हे.

जोडण्यांच्या रचनेतून झालेली प्रगती उद्बोधक आहे. एटीएक्सपूर्वी मदरबोर्डला शक्ती देणारे दोन समान जोड शेजारी शेजारी बसवीत. दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी आल्या पाहिजेत, हा नियम विसरून त्यांची अदलाबदल झाली, तर मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असे. एटीएक्सने उलटा बसूच न शकणारा एकच जोड आणून ही चूक अशक्य केली. आजही एक उणीव मात्र शिल्लक आहे. सुट्या होणाऱ्या तारांच्या एसएमपीएसमध्ये एककाच्या बाजूचे जोड प्रमाणित नाहीत. एका उत्पादकाच्या तारा दुसऱ्याच्या एककात बसल्या, तरी त्यांतील १२ व ५ व्होल्टच्या जागा भिन्न असू शकतात आणि साठवण साधने क्षणात जळतात. म्हणून एसएमपीएस बदलल्यास त्याच्या सर्व ताराही बदलणे आवश्यक असते. मोठ्या ग्राफिक्स कार्डांसाठी २०२२ मध्ये आलेल्या नव्या जोडातून कमाल ६०० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर प्रवाह सहा संपर्कांतून जातो. जोड अर्धवट बसल्यास संपर्काचा रोध वाढून तो वितळण्याइतका तापू शकतो. २०२३ मध्ये त्याची रचना सुधारण्यात आली.

एसएमपीएसच्या प्रवेशद्वारी असलेल्या गाळणीतील दोन धारित्रांचा मध्यबिंदू कॅबिनेटला जोडलेला असतो. घरातील अर्थिंग तुटलेले असेल, तर कॅबिनेट पुरवठ्याच्या सुमारे निम्म्या दाबाला, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते आणि स्पर्श केल्यास मुंग्या आल्यासारखा झटका बसतो. प्रवाह अत्यल्प असला, तरी ही सूचना दुर्लक्षू नये. कारण अन्य बिघाडाच्या वेळी हेच कॅबिनेट जिवावर बेतू शकते. वीज खंडित झाल्यावर एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंदच तग धरते. घरगुती इन्व्हर्टर त्याहून सावकाश सुरू होत असल्यास संगणक बंद पडतो. त्यासाठी इन्व्हर्टरवरील ‘यूपीएस’ ही स्थिती निवडावी वा स्वतंत्र यूपीएस वापरावा.

उष्णता : प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सर्व विद्युत् शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. शीतकाची क्षमता प्रत्येक वॉटमागे तापमानात किती वाढ होते यावरून मोजतात. समजा, एखाद्या शीतकासाठी ही वाढ ०·३° से. आहे. १५० वॉट शक्ती घेणारा प्रोसेसर खोलीपेक्षा ४५° से.ने अधिक तापेल. खोलीचे तापमान २५° से. असता तो ७०° से.वर राहील, पण विदर्भातील उन्हाळ्यात खोलीच ४२° से. झाली, तर ८७° से.वर पोहोचेल. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५° ते १००° से.च्या सुमारास स्वतःचा वेग आपोआप कमी करतात. त्यामुळे थंड हवामानातील परीक्षणांचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कॅबिनेटमध्ये समोरून थंड हवा आत व मागून-वरून गरम हवा बाहेर अशी पंख्यांची योजना करतात. धुळीच्या प्रदेशात जाळ्या नियमित साफ करणे हे महाग शीतक घेण्याइतकेच परिणामकारक असते.

जुळणीची क्रिया : माणसाच्या शरीरावरील स्थिर विद्युत् भार सुमारे ३,००० व्होल्टपर्यंत जाणवतही नाही, परंतु त्याहून पुष्कळ कमी दाबाने चिप निकामी होऊ शकते. म्हणून काम करताना अर्थिंग केलेल्या धातूला वारंवार स्पर्श करतात वा मनगटपट्टा वापरतात. प्रथम मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर सपाट ठेवून प्रोसेसर, स्मृती व एम·२ पट्टी बसवितात. एलजीए प्रकारात नाजूक संपर्कतारा सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर बोटांनी न दाबता खुणा जुळवून केवळ ठेवावयाचा असतो. त्यानंतर प्रोसेसरच्या पाठीवर उष्णतावाहक लेपाचा लहान ठिपका ठेवून शीतक बसवितात व त्याचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळतात. कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड पितळी आधारांवर उभा राहतो. जास्तीचा आधार चुकीच्या जागी राहिल्यास मागील डाखकामाशी लघुमंडल होते. ग्राफिक्स कार्ड शेवटी बसवितात. पडद्याची तार मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावावी लागते. ही किरकोळ वाटणारी चूक नवशिक्यांकडून हमखास होते.

समायोजन : उत्पादक प्रत्येक प्रोसेसरसाठी वारंवारता व विद्युत् दाब ठरविताना सर्वांत प्रतिकूल नमुना, तापमान व कालावधी गृहीत धरतात. त्यामुळे बहुतेक नमुन्यांत काही क्षमता शिल्लक राहते. नेमून दिलेल्यापेक्षा अधिक वारंवारतेने प्रोसेसर चालविण्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ मधील इंटेल सेलेरॉन ३०० ए हे याचे गाजलेले उदाहरण होय. त्याचा गुणक ४·५ असा पक्का होता व ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर तो ३०० मेगाहर्ट्झने चाले. बस १०० मेगाहर्ट्झ केल्यावर त्याचे अनेक नमुने ४५० मेगाहर्ट्झने विनातक्रार चालत. १०० ला ३ ने भागून पीसीआय बसला तिची प्रमाणित ३३ मेगाहर्ट्झ वारंवारता मिळत असे. याउलट बस ८३ मेगाहर्ट्झ ठेवल्यास २ ने भागून पीसीआयला सुमारे ४१ मेगाहर्ट्झ मिळत व साठवण साधनांत चुका होत. म्हणजे अधिक वेगाची मांडणी सुरक्षित व कमी वेगाची असुरक्षित ठरे. कारण दुसरीत इतर भागांशी असलेला मेळ बिघडत असे.

ट्रान्झिस्टर लहान झाला की विद्युत् दाबही त्या प्रमाणात घटविता येतो व शक्तीची घनता तीच राहते, हे रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले होते. २००५ च्या सुमारास हा क्रम थांबला, कारण दाब आणखी घटविल्यास गळती आवरत नव्हती. त्यामुळे वारंवारतेची घोडदौड संपली व गाभ्यांची संख्या वाढू लागली. शक्ती व दाब यांचा संबंध पुढीलप्रमाणे आहे :

शक्ती = धारिता × (विद्युत् दाब)² × वारंवारता

वारंवारता १०% वाढविली व त्यासाठी दाबही १०% वाढवावा लागला, तर शक्ती १·१ च्या घनाइतकी, म्हणजे ३३% वाढते. वेगातील दहा टक्क्यांसाठी उष्णतेत एकतृतीयांश वाढ, असा हा व्यवहार आहे. याउलट वारंवारता तीच ठेवून दाब १०% कमी करता आला, तर शक्ती १९% घटते. २००८ नंतर प्रोसेसर स्वतःच तापमान व शक्ती यांची मर्यादा पाहून वेग वाढवू लागले, त्यामुळे हाताने वेग वाढविण्याचा लाभ कमी झाला. आजच्या प्रोसेसरचा दाब थोडा उतरविल्यास तो थंड राहतो आणि वाचलेल्या शक्तीतून स्वतःच अधिक काळ वरच्या वेगाने चालतो. पंखेही सावकाश फिरतात. उष्ण प्रदेशात हेच समायोजन अधिक श्रेयस्कर होय.

दाब वाढविण्याचा दुष्परिणाम तात्काळ दिसत नाही. सूक्ष्म वाहकांतील धातूचे अणू प्रवाहाच्या रेट्याने सरकतात, निरोधक थर क्षीण होतात व पूर्वी स्थिर असलेली मांडणी काही महिन्यांनी अस्थिर होते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांबाबत अस्थिरतेच्या तक्रारी आल्यावर, अवाजवी विद्युत् दाब हे त्याचे कारण असल्याचे कंपनीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले व ऑगस्टमध्ये दुरुस्त आज्ञावली प्रसृत केली. आधीच झालेली झीज तिने भरून येत नाही.

स्मृतीच्या पट्टीवरील लहान चिपेत तिच्या मांडण्या नोंदविलेल्या असतात. जेडेकची प्रमाण मांडणी आपोआप लागू होते. वेष्टनावर छापलेला वरचा वेग मात्र एक्सएमपी (२००७) वा एक्स्पो (२०२२) ही नोंद बायॉसमध्ये निवडल्यावरच मिळतो. कित्येक संगणक वर्षानुवर्षे ही निवड न करताच वापरले जातात. स्मृतीचा वेग व विलंब ही दोन वेगळी परिमाणे आहेत. ३,२०० दशलक्ष स्थानांतरणांच्या डीडीआर ४ पट्टीला १६ आवर्तनांचा विलंब लागत असेल, तर एका आवर्तनाचा काळ ०·६२५ नॅनोसेकंद असल्याने एकूण विलंब १० नॅनोसेकंद होतो. ६,००० दशलक्ष स्थानांतरणांच्या व ३० आवर्तनांच्या डीडीआर ५ पट्टीचा विलंबही १० नॅनोसेकंदच येतो. नवी पट्टी माहिती अधिक प्रमाणात पुरविते. पहिला शब्द अधिक लवकर देत नाही.

चाचणी : समायोजित संगणक बंद पडला, तर चूक निदान कळते. न थांबता चुकीचे उत्तर देणारा संगणक अधिक घातक होय; हिशेबातील एक अंक वा छायाचित्रातील काही बिट बदलले, तर ते महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही व राखीव प्रतींतही तीच चूक उतरते. म्हणून चाचणीसाठी उत्तर आधीच ठाऊक असलेले गणित वापरतात. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मेर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची प्राइम ९५ ही आज्ञावली या कारणाने प्रोसेसरची कसोटी म्हणून जगभर वापरली जाऊ लागली. स्मृतीसाठी मेमटेस्ट ८६ सारख्या आज्ञावली प्रत्येक स्थानी ठरावीक आकृतिबंध लिहून परत वाचतात. एका वेळी एकच मांडणी बदलणे, प्रत्येक बदलानंतर काही तास चाचणी घेणे व उन्हाळ्यात ती पुन्हा घेणे हा शिस्तीचा मार्ग होय. शेकडो तास चाललेल्या चाचणीतही एकच चूक आढळली, तरी ती मांडणी त्याज्य समजतात. ज्या कामात चूक परवडत नाही, तेथे चूक शोधून सुधारणारी ईसीसी स्मृती व मूळ प्रमाणित मांडणीच वापरावी.

उपयुक्तता व मर्यादा : जुळविलेल्या संगणकाचा मुख्य लाभ केवळ किमतीचा नाही. बिघडलेला एक भाग बदलून संपूर्ण यंत्र वाचविता येते; पाच-सहा वर्षांनी स्मृती वाढवून वा साठवण पट्टी बदलून त्याचे आयुष्य लांबविता येते आणि कॅबिनेट व एसएमपीएस पुढील जुळणीतही वापरता येतात. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तथापि जो भाग टाकावाच लागत नाही, त्याचा कचराही होत नाही. दुरुस्तीच्या या सोयीवर गल्लीबोळांतील अनेक कारागिरांचा उदरनिर्वाहही अवलंबून आहे. यासोबत काही तोटेही येतात. संपूर्ण यंत्राची एकत्रित हमी मिळत नाही, बिघाड नेमका कोणत्या भागाचा हे मालकालाच शोधावे लागते व प्रत्येक भागाचे हमीपत्र वेगळे जपावे लागते.

भाग बदलण्याच्या सोयीपुढे एक खरी तांत्रिक अडचणही आहे. स्मृतीचा वेग वाढतो तसतसा खाचेतून जाणाऱ्या लांब मार्गावर संदेश विरूप होतो. म्हणून अनेक सुवाह्य व लहान संगणकांत स्मृती मदरबोर्डवरच डाखलेली असते, तर ॲपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेत ती प्रोसेसरच्याच आवेष्टनात असते. त्यामुळे वेग वाढतो व शक्ती वाचते. पण खरेदीच्या दिवशी घेतलेली स्मृती यंत्राच्या अखेरपर्यंत तेवढीच राहते. यावर उपाय म्हणून जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम २ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात स्मृतीची पट्टी उभी न बसविता मदरबोर्डवर सपाट दाबून स्क्रूंनी आवळतात, त्यामुळे संदेशाचा मार्ग आखूड होतो आणि ती बदलताही येते. वेग व बदलण्याची सोय या दोहोंचा मेळ प्रमाणांतून घालण्याचा हा प्रयत्न आहे. भाग निवडण्याचे व यंत्र दुरुस्त करण्याचे मालकाचे स्वातंत्र्य कितपत टिकेल, हे अशी प्रमाणे किती उत्पादक स्वीकारतात यावर अवलंबून राहील.